मकाहिकी म्हणजे 'सण' का? हवाईच्या उत्सवांमधले शब्द मराठीत कसे लिहावेत?

शेवंती:
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी हवाई बेटांवरच्या सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या उत्सवांवर लेख लिहितेय, म्हणजे वायकीकीचे अलोहा फेस्टिव्हल्स, मकाहिकी, कोनाचा कॉफी महोत्सव वगैरे. माहिती गोळा झालीय, अडलंय ते शब्दांपाशी. मकाहिकीला 'सुगीचा सण' म्हटलं तर चालेल का? देवाला जे आणून देतात ते होओकुपू, ते म्हणजे नैवेद्य समजायचा का? आणि मिरवणुकीत घोड्यावर बसलेल्या बायका जे नेसतात ती पाऊ, तिला परकर लिहू का घागरा? लेखाला 'हवाईतला शरद ऋतू' असं नाव द्यायचं डोक्यात आहे.

लामणदिवा:
सुगीचा सण नको लिहूस गं. सण म्हटलं की आपल्याला एखादा दिवस दिसतो, फार तर गणपतीचे दहा दिवस. मकाहिकी चार चांद्रमहिने चालायची. तेवढ्या काळात युद्ध करायचं नाही, कू या युद्धदेवतेच्या मोठ्या देवळांतले विधी बंद, आणि सगळा मान लोनोचा, जो पावसाचा, ढगांचा आणि शेतीचा देव. लोकांना कष्टाच्या कामातून सुटका, मग नाच, मेजवान्या आणि खेळ, त्यात मुष्टियुद्ध होतं, भालाफेक होती, गोल दगडी चकती दोन खुंटांच्या मधून घरंगळवायचा उलू माइका नावाचा खेळ होता, रस्सीखेच होती. मला विचारशील तर 'चातुर्मास' हा शब्द सगळ्यात जवळचा, चार महिने आणि काही गोष्टी वर्ज्य, दोन्ही त्यात येतं.

बोरू:
लामणदिवाताई, चार महिन्यांचा हिशेब बरोबर आहे पण चातुर्मास म्हटलं की मराठी वाचकाला उपास, कांदा-लसूण बंद, लग्नं बंद असंच आठवणार आणि मकाहिकीत तर खाणंपिणं नि खेळ. शिवाय काळही जुळत नाही, आपला चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो आणि यांची मकाहिकी साधारण त्याच सुमाराला लागते. अजून एक बघा, आपल्याकडे पाऊस संपला की दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघायच्या, आणि तिकडे पावसाळा लागताना हत्यारं खाली ठेवायचे, म्हणजे पार उलटं. मी 'मकाहिकी पर्व' असं लिहीन. पर्व एक दिवसाचंही असतं आणि मोठ्या काळाचंही, आणि त्यात उपासाचा वास नाही.

लामणदिवा:
'पर्व' मला आवडलं बोरूकाका. पण तुम्ही कार्तिकाचं नाव काढलंत म्हणून सांगते, शेवंती, हे लेखात जरूर घे. मकाहिकी कधी सुरू करायची ते मकालीई बघून ठरायचं. मकालीई म्हणजे आपल्या कृत्तिका, तोच तारकांचा झुपका. सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवताना दिसला की मग पुढच्या अमावास्येनंतर चंद्राची पहिली कोर दिसायची वाट बघायची, हे साधारण नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास येतं. आता आपला कार्तिक घे. पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो म्हणून त्या महिन्याचं नाव कार्तिक. पौर्णिमेचा चंद्र उगवतो सूर्य मावळताना, मग त्याच्या शेजारच्या कृत्तिकाही त्याच वेळी उगवणार की! म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्यावर बसलेले लोक आणि आपले पंचांगवाले आकाशातली एकच गोष्ट बघून काळ मोजत होते, एकमेकांची काही खबर नसताना. मला हे वाचलं तेव्हा अक्षरशः काटा आला अंगावर.

रानवाट:
यात माझी एक भर. हवाईयन भाषेत मकाहिकी या शब्दाचा अर्थ 'वर्ष' असाही आहे, नव्या वर्षाच्या शुभेच्छा देताना आजही 'हाउओली मकाहिकी होउ' म्हणतात. आणि आपला 'वर्ष' हा शब्द मुळात पावसाचाच, वर्षा आणि वर्ष एकाच घरचे. पावसाच्या देवाचा काळ आणि वर्ष यांना तिकडे एक शब्द, इकडेही पावसावरूनच वर्ष. याच कारणासाठी मी तर म्हणेन भाषांतर करूच नका, मकाहिकी तसंच ठेवा आणि पहिल्यांदा आलं की दोन ओळीत समजावून सांगा.

शेवंती:
वा, कृत्तिकांचं तर घेणारच! बरं मग 'मकाहिकी पर्व' नक्की. होओकुपूचं काय करू, मी नैवेद्य लिहून ठेवलंय.

बोरू:
नैवेद्य अर्धाच बसतो. लोनोची मूर्ती म्हणजे एक उंच काठी, वर आडवी काठी, तिला पांढरा कापा म्हणजे झाडाच्या सालीपासून केलेलं कापड लटकवलेलं, पिसांच्या माळा. आपल्याला बघताक्षणी गुढीच आठवते. ही काठी घेऊन पुजारी अख्ख्या बेटाला फेरी मारायचे, डोंगराची बाजू कायम उजव्या हाताला ठेवून. म्हणजे ती शब्दशः प्रदक्षिणा झाली, तिथे 'फेरी' किंवा 'दौरा' लिहू नका, 'प्रदक्षिणा'च लिहा. वाटेत प्रत्येक अहुपुआआच्या हद्दीवर थांबायचं, अहुपुआआ म्हणजे डोंगरापासून समुद्रापर्यंत उतरत जाणारा जमिनीचा पट्टा, अहु म्हणजे दगडांची रास आणि पुआआ म्हणजे डुक्कर. तिथे त्या पट्ट्यातल्या लोकांनी पीक, डुकरं, कापा, पिसं असं आणून ठेवायचं. हा देवाचा मान होता आणि राजाचा सारासुद्धा होता. म्हणून जुन्या काळाबद्दल लिहिताना 'सारा' शब्द यायलाच हवा, नुसतं नैवेद्य म्हटलं तर कर गोळा होत होता हे वाचकाला कळणारच नाही.

लामणदिवा:
आणि आजच्या काळाबद्दल लिहिताना 'सारा' अजिबात नको, तिथे 'अर्पण'. कुपू म्हणजे कोंब फुटणं, वाढणं आणि होओ लावलं की ते घडवून आणणं. कहोओलावे बेटाचं उदाहरण घे. १९४१ पासून अमेरिकन सैन्याने ते बेट बॉम्बफेकीच्या सरावाला वापरलं. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या हवाईयन लोकांनी १९८२ मध्ये तिथे पुन्हा मकाहिकीचे विधी सुरू केले, म्हणजे बॉम्ब पडायचे थांबायच्या आधी, ते थांबले १९९० ला. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये मकाहिकी उघडतात आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मिटवतात. तिथे टी नावाच्या झाडाच्या (चहाच्या नव्हे) पानात गुंडाळलेले होओकुपू लोनोला देतात आणि मागणं काय तर पाऊस पडू दे, बेट पुन्हा हिरवं होऊ दे. माती वाहून गेलेल्या, लाल उघड्या पडलेल्या जमिनीवर उभं राहून 'कोंब फुटू दे' म्हणायचं, त्याला नैवेद्य म्हणून सोडून देणं मला तरी पटत नाही. शेवंती, लेखात वायकीकीला दोन पानं दिलीस तर कहोओलावेला निदान एक दे.

शेवंती:
देते ताई, नक्की देते. आता पाऊ.

रानवाट:
परकर नाही आणि घागराही नाही, कारण ते शिवलेले असतात. पाऊ म्हणजे सलग लांबलचक कापड, १२ वारापर्यंत, ते अंगाभोवती घेऊन चुण्या घालायच्या आणि कमरेला कुकुई झाडाच्या बिया आत घालून खोचायच्या, टाचणी नाही, बटण नाही, आणि मग घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसलं की कापड दोन्ही बाजूंनी थेट रिकिबीच्या खाली लोंबतं. म्हणून क्रियापद चुकवू नका, पाऊ 'घालत' नाहीत, 'नेसतात'. नऊवारी नेसलेल्या आजीला हे एका वाक्यात कळेल. घोडे हवाईत पहिल्यांदा आले १८०३ ला, आणि धुळीपासून चांगले कपडे वाचावेत म्हणून बायका वरून हे नेसू लागल्या. फुलांच्या मिरवणुकीत प्रत्येक बेटाची एक पथकप्रमुख असते आणि बेटाचा रंग नि फूल ठरलेलं, म्हणजे ओआहूचा पिवळा आणि इलिमा, हवाई बेटाचा लाल आणि लेहुआ, माउईचा गुलाबी आणि लोकेलानी गुलाब. नीइहाउला फूल नाही तर शंख-शिंपल्यांची माळ.

शेवंती:
'नेसतात' तर माझ्याही तोंडात आपोआप आलं होतं, आता कारण कळलं. आणि गळ्यात घालतात ती लेई, तिला हार म्हणू ना?

लामणदिवा:
माळ म्हण. आपल्याकडे सत्काराचा हार घातला की पाहुणा दुसऱ्या मिनिटाला काढून टेबलावर ठेवतो आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. लेई देणाऱ्यासमोर काढून ठेवली तर तो अपमान समजतात. शिवाय ती फुलांचीच असते असं नाही, माइलेच्या पानांची असते, बियांची असते, पिसांची असते. डोक्यावर घालतात तिला मात्र बिनधास्त वेणी म्हण.

बोरू:
आणि ते होओलाउलेआ राहिलंच, वायकीकीतला कालाकाउआ रस्ता गाड्यांना बंद करून जे करतात ते. त्याला 'महोत्सव' नको, 'जत्रा' लिहा. रस्ताभर खाण्याचे स्टॉल, लेई विकणारे, मधेमधे स्टेजवर हुला नाच नि गाणी, जत्राच आहे ती. महोत्सव हा शब्द अख्ख्या अलोहा फेस्टिव्हल्सला ठेवा. ते १९४६ मध्ये 'अलोहा वीक' म्हणून सुरू झाले, मकाहिकीचाच आधार घेऊन, आणि १९९१ पासून आत्ताचं नाव आहे.

रानवाट:
शेवंती, लेखाच्या नावातला 'शरद' काढ. जुन्या हवाईयन गणनेत ऋतू दोनच, काउ हा कोरडा उन्हाळा आणि होओइलो हा पावसाचा गार काळ. मकाहिकी होओइलोच्या तोंडाशी येते. आपण शरद म्हणतो तेव्हा पाऊस सरलेला, आकाश निरभ्र, चांदणं, आणि तिकडे तर ढग जमायला लागलेले असतात.

शेवंती:
मग 'लोनोचे चार महिने' कसं वाटतं?

रानवाट:
हेच ठेव. आणि प्रूफ बघताना होओकुपूमधले दोन ओ वेगळेच राहू देत, मुद्रितशोधक 'होकुपू' करून टाकतात. मधे ओकिना आहे, म्हणजे घशातला झटका, तो हवाईयनमध्ये चक्क एक व्यंजन धरतात. कहोओलावेचंही तसंच.