प्रभागाची निवडणूक: यादी मोठी की रॅली?

यादीवाला:
मुंबईत एका प्रभागात साधारण ४५ हजार मतदार. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत गिरगावच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखी मतं पडली, निकाल चिठ्ठीवर गेला. तरी लोक बाईक रॅलीवर पैसा ओततात. माझं मत स्पष्ट आहे, रॅली बंद आणि सगळी माणसं मतदारयादी घेऊन घरोघरी. हजार नावं म्हणजे अंदाजे ३०० घरं. दोघांची जोडी संध्याकाळी ७ ते साडेनऊ जेमतेम २५ घरं उरकते, म्हणजे १२ संध्याकाळ. अर्ज माघारीनंतर सुरुवात केलीत तर दुसरी फेरी विसरा.

नाक्यावरचा:
गणित बरोबर, पण चेहरा ओळखीचा नसेल तर दारात "कोण हे?" एवढंच ऐकू येतं. आणि रॅली मतदारांसाठी कमी, कार्यकर्त्यांसाठी जास्त असते. टॉवरमध्ये तुमची जोडी वॉचमनच्या पुढे जात नाही. तिथे आधी सेक्रेटरी गाठा, रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये २० मिनिटांची बैठक लावा. गच्चीची गळती आणि पाण्याचा दाब यावर उत्तर तयार ठेवा, बाकी भाषण नको.

यादीवाला:
बैठकीला तेच पंधरा जण येतात हो.

चाळकरी:
दोघेही एक विसरताय. पुनर्विकासाला गेलेल्या चाळीचं नाव अजून यादीत असतं, माणूस भाड्याने विरारला. तिथे दार ठोठावून काय मिळणार? जुन्या चाळ कमिटीकडून फोन नंबर घ्या, सुट्टीच्या दिवशी कॉल करा, केंद्र कुठल्या शाळेत आलंय ते सांगा. गाडी पाठवायचा मोह नको, अंगाशी येतं.

नाक्यावरचा:
हे मान्य. पण मतदानादिवशी यादीवाल्यांचा खरा घोळ वेगळाच असतो. केंद्राबाहेरच्या टेबलावर मतदार स्लिप घेणाऱ्याच्या नावावर टिक मारता, आणि मोबाइलवर यादीतला नंबर बघून थेट आत गेलेला राहून जातो. दुपारी त्यालाच चार फोन जातात, माणूस वैतागतो.

यादीवाला:
म्हणून पहिला प्रश्न "मतदान झालं का?" हाच ठेवायचा. हो म्हटलं की टिक मारा, फोन ठेवा. दीडच्या सुमारास फक्त आपले, न आलेले, एवढेच काढा. २०२४ ला वायव्य मुंबईत रवींद्र वायकर फक्त ४८ मतांनी निवडून आले, तेही लोकसभेला. रॅलीतले किती जण त्या प्रभागाचे मतदार असतात, तेवढं मोजून सांगा.