नागपूरच्या उन्हाळ्यात मुलांना मैदानावर कसे न्यावे? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नागपुरात राहतो. मुलगी १० वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा आहे. सुट्टी लागल्यापासून दोघांचा दिवस कूलरसमोरच्या गादीवर मोबाइल पाहण्यात जातो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल व्हायला हवी. शाळा सुरू असताना तो तास नकळत भरतो, आता पंधरा मिनिटेही भरत नाहीत.

मे महिन्यात इथे साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि आठ वाजता ऊन चटके देऊ लागते, म्हणजे खेळण्याजोगे जेमतेम दोन तास मिळतात. नेमक्या त्याच वेळी मुले गाढ झोपेत असतात, कारण भिंती निवल्याशिवाय रात्री अकरापर्यंत कोणाचाच डोळा लागत नाही. आमच्या लहानपणी सगळे घर गच्चीवर पाणी मारून तिथेच झोपत असे आणि उजेडानेच जाग येत असे. आता इमारतीची गच्ची कुलूपबंद असते आणि पडदे ओढलेल्या खोलीत सकाळ झाल्याचे मुलांना कळतच नाही.

संध्याकाळची अडचण वेगळी आहे. गेल्या मंगळवारी सहा वाजता बागेत गेलो आणि घसरगुंडीच्या पत्र्याला हात लावून पाहिला, तर क्षणभरही ठेववला नाही. मुलगा शिडीच्या वरच्या पायरीवर पोहोचला होता, त्याला तसाच उचलून खाली घेतला. सातनंतर जरा बरे वाटते, पण तोवर अंधार पडू लागतो.

माझ्या मनात भीतीही आहे, हे स्पष्टच सांगते. एप्रिलमध्ये मुलगी दुपारी चार वाजता आवारात बॅडमिंटन खेळून आली ती लालबुंद चेहऱ्याने. डोके दुखत होते आणि दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी ऊन लागल्याचे सांगितले. तेव्हापासून सासूबाई सहाच्या आत मुलांना उंबरठा ओलांडू देत नाहीत, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. पन्हे, मीठ-साखरेचे पाणी, डोक्याला दुपट्टा हे सगळे आम्ही पाळतो.

मागच्या आठवड्यात सलग दोन दिवस पहाटे उठवून दोघांना इथल्या सेमिनरी हिल्स या टेकडीवर नेले. पहिल्या दिवशी धाकटा वाटभर रडला. दुसऱ्या दिवशी ताईने त्याला गुलमोहराच्या केसरांची झुंज शिकवली, तेव्हा तो परत यायलाच तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी मात्र कितीही हाका मारल्या तरी एकही उठले नाही.

ज्यांनी विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात मुलांची झोपेची वेळ हळूहळू अलीकडे आणली आहे, त्यांनी ते कसे साधले? नवतप्यात, म्हणजे मेच्या अखेरीस येणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तुम्ही सकाळचा खेळही बंद ठेवता का, आणि ते कशावरून ठरवता? शिवाय सोबतची मुले आजोळी गेली आहेत. लगोरी किंवा डब्बा ऐसपैसला गडी पुरत नाहीत, तर वयात चार वर्षांचे अंतर असलेली दोनच भावंडे तासभर रमतील असे मैदानी खेळ कोणते? सासूबाईंनाही पटेल असे काही सुचवता आले, तर फार मोठी मदत होईल.