अनुभव धागा : घरात पोरगं पैलवान असेल तर घर कसं चालतं?

पावसाळ्यात शाळेच्या तालुका स्पर्धा सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. त्यात परीक्षा येतात आणि परीक्षा आटपल्या की गावोगावच्या जत्रा. सांगली-साताऱ्यात ज्यांची पोरं तालमीत जातात त्यांचं वर्ष असंच सरतं. पदकाचा फोटो सगळे बघतात, त्यामागं घरातली माणसं काय काय ओढतात ते फारसं कुणी बोलत नाही. वेळ, पैसा, शाळा, बाकीची भावंडं, कशाबद्दलही लिहा. नावं नकोत. सुरुवात मी करते.

विट्याहून, आई

थोरला पहाटे तालमीत जातो, त्याच्याआधी मी उठते. रात्री भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी घालून वाटायचे, दुधात थंडाई करायची. तो परत येईतो भाकरी, अंडी तयार हवीत. त्यातच धाकटीचा डबा. ती सातवीत आहे. एकदा भाजी चिरताना शेजारी बसून म्हणाली, "माझं गॅदरिंग आणि दादाची जिल्हा स्पर्धा एका दिवशी आली तर तू कुठं जाशील ते मला ठाऊक आहे." राग नाही, रडणं नाही. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांच्या तारखा लिहितो. तिच्या तारखेला मी तिच्याकडंच, त्याच्याबरोबर त्याचे वडील नाहीतर वस्ताद. आणि बदाम दोघांचे भिजतात. वाढतं अंग तिचंही आहे.

कराड तालुक्यातून, वडील

खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्यापासून लांब नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या त्यांच्या कांस्यपदकाची गोष्ट इथली पोरं लहानपणापासून ऐकतात. तेव्हा कुस्तीला आमच्या घरात कोण नाही म्हणणार? माझं बोलणं फक्त वजनाबद्दल आहे.

सतरा वर्षांखालच्या गटात 48 किलोच्या वर थेट 51. आमच्या पोराचं वजन या दोन्हींच्या मधोमध. जिल्ह्याच्या आधी त्याच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की वजन तोड, 48 ला पदक कुठं जात नाही. मग भर उन्हात जाड जर्किन घालून पळणं, पाणी बंद, जेवण नावाला. ओठ फुटले. वही पुढ्यात घेऊन एकच ओळ परत परत वाचत बसायचा. त्याच्यासमोर घास घ्यायला घरातल्यांना अवघड व्हायला लागलं, आई आपलं ताट उचलून परड्यात जेवायला गेली. त्याच संध्याकाळी मी वस्तादांकडं गेलो आणि म्हटलं, वाढत्या वयाचं पोर आहे, 51 ला उतरवा. माणूस समजूतदार, लगेच हो म्हणाले. 51 ला तो दुसऱ्या फेरीत हरला, पण घरी येऊन पोटभर जेवला. पुढच्या हंगामात 55 ला खेळला.

सकाळी वजन होतं आणि त्याच दिवशी कुस्त्या लागतात, सुकवलेलं अंग तेवढ्यात भरून कसं यायचं? मोठ्या पैलवानांचं मोठ्यांनी बघावं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या बाबतीत आईबापांनी गप्प बसू नये.

खानापूर तालुक्यातून, चुलते

आमच्या घरात जत्रेतली मातीवरची कुस्ती आणि स्पर्धेतली मॅटवरची, असे दोन पक्ष आहेत. आमच्या अण्णांनी कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंची कुस्ती बघितलेली. पाठ लागली की निकाल, गुणबिण त्यांना पटत नाहीत. शिवाय जत्रेत इनाम रोख हातात पडतं. बारकी पोरं रेवडीवर आणि नारळावर लढतात, जरा अंगात आली की पैशावर. स्पर्धेला मात्र गाडीभाडं आपलं, खाणं आपलं, मिळतो तो कागद. पण त्या कागदावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे पुतण्याच्या आईनं बरोबर हेरलं. दोन एकर ऊस आणि दोन म्हशींवर चालणाऱ्या घराला ते सोडून चालत नाही.

वाद बरेच दिवस चालला. शेवटी दहावीच्या वर्षी जत्रा बंद, फक्त गावचं मैदान तेवढं धरायचं, असं ठरलं. मोबाईलवर कुस्ती लावून पुतण्यानं अण्णांना समजावलं की पट काढून, म्हणजे पाय धरून, खाली घेतलं की दोन गुण, आणि फ्रीस्टाइलला दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली. आता पंच चुकला की पहिला आवाज अण्णांचाच असतो.

पलूसकडून, मोठी बहीण

थोडकंच लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. तालमीतून नायटा घरी येतो. भावाच्या मानेवर आला, मग बारक्याच्या पाठीवर, मग आईच्या हाताला. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा, कपडे आल्या आल्या गरम पाण्यात टाका, ते रात्रभर पिशवीत राहू देऊ नका. मनानं मलम आणू नका, डॉक्टरला दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस औषध लावा. आणि कान सुजला तर त्याच दिवशी दाखवायला न्या. फुटका कान पैलवानाची शान वगैरे बोलायला ठीक आहे, पण दुखतं पोराला.

मिरजेहून, मुलीची आई

2023 ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि आपल्याच जिल्ह्यातल्या प्रतीक्षा बागडीनं किताब मारला. त्यानंतर माझ्या लेकीनं कुस्तीचा ध्यासच घेतला. मुलगा असता तर वस्तादांच्या हवाली केला असता. मुलीबरोबर बाईमाणूस लागतंच. मी कामाला जाते, रजा टाकली की पगार कापतात, म्हणून एका स्पर्धेला मी, एका स्पर्धेला नणंद, असं चालवलंय. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं, वजनकाटा वर जातो. पोरगी ते वस्तादांना सांगायला लाजायची आणि आपली उपाशी राहायची. मीच जाऊन त्यांना सांगितलं. आता ते स्वतःहून विचारतात, "ताई, तारखा बघून नाव देऊ का?"

नणंदेचं यंदा लग्न आहे, पुढच्या हंगामात सोबतीला कुणी नाही. मिरज-तासगाव भागात मुलींच्या राहण्याची सोय असलेली आणि बारावीपर्यंतचं कॉलेज जवळ पडेल अशी तालीम कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. स्वतः जाऊन बघितलेली असेल तरच सांगा.