सिस्टर (चर्चच्या नन) लोकांना पगार असतो का?

जालनेकर: आमच्या तांड्यावर दोन सिस्टर येतात, बचत गटाच्या बायकांना पासबुक वाचायला शिकवतात, माझी आई साठाव्या वर्षी सही शिकली, आता बँकेत अंगठा लावत नाही. ह्यांना पगार कोण देतं? आणि सिस्टर व्हायला किती वर्षं लागतात?

बीडकर ताई: माझी मावसबहीण सिस्टर आहे म्हणून सांगते. नर्स असली, टीचर असली तरी तिचा पगार त्यांच्या सिस्टर लोकांच्या संघाच्या खात्यात जातो, स्वतःचं काही नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं असतात. आधी उमेदवारी, मग कमीत कमी १ वर्ष नॉव्हिशिएट म्हणजे व्रतांआधीची तयारी, मग निदान ३ वर्षं तात्पुरती व्रतं आणि मगच कायमची, त्यामुळं मधे घरी परत यायची वाट उघडी असते. आमच्या मावशीनं लई रडून घेतलं होतं तेव्हा. आता आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेल्या लेकरांच्या वेण्या तीच घालते, मावशी गावभर सांगते.

परभणी: मदर तेरेसांनी १९५० मधे कोलकात्यात काढलेल्या सिस्टरांच्या संघात चौथं व्रत पण असतं, गरिबातल्या गरिबाची मनापासून फुकट सेवा.

जालनेकर: धन्यवाद ताई. आईला वाचून दाखवलं, म्हणाली रविवारी त्यांना भाकरी-ठेच्याला बोलाव.