बाबांच्या कंबरेसाठी कपिंग (हिजामा) करायचंय, अनुभव हवेत, अर्जंट

रेवती_नाशिक
नमस्कार मंडळी, बाबांची कंबर खूप दुखतेय, उजव्या पायात कळ जाते, रात्री झोप नाही. शेजारच्या काकूंना कपिंगने फरक पडला म्हणून रविवारची अपॉइंटमेंट घेतलीय. एका सिटिंगचे किती घेतात, किती सिटिंग लागतात, डाग किती दिवस राहतात? कृपया ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा, हे करा ते करा नको, डॉक्टर करून झालेत.

दुबईकर_संजू
मी इथे दुबईत परवाना असलेल्या क्लिनिकमध्ये दोनदा केलंय, मान आणि खांद्यासाठी. पंपाने हवा ओढून प्लास्टिकचे कप लावतात, पाच-दहा मिनिटं ठेवतात, मग ब्लेडने बारीक चिरा देऊन परत कप. दुखत नाही फारसं. डाग आठ-दहा दिवसांत गेले. त्या रात्री मस्त झोप लागली, बिनधास्त जा. आमच्याकडे इस्लामी चांद्र महिन्याच्या १७, १९, २१ तारखेला खूप गर्दी असते, तेवढं बघून घ्या.

अनघा_फिजिओ
रेवती, बाबांचं वय काय? एमआरआय झालाय का? कळ गुडघ्याच्या खाली जाते का? कोरडं कपिंग की रक्त काढणारं? शुगर, बीपी, चालू गोळ्या? हे कळल्याशिवाय कोणी काहीच सांगू शकत नाही.

रेवती_नाशिक
अनघाताई मी सिटिंगचं विचारलंय. वय ६४. एक्सरे झालाय, एमआरआय नाही. कळ पोटरीपर्यंत. थोडी शुगर आहे. रक्त काढणारंच, ते म्हणाले सगळं अशुद्ध रक्त निघून जातं.

कट्टेकर
२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते जांभळे गोल सगळ्या जगाने पाहिले. एवढा मोठा खेळाडू उगाच करून घेईल का?

गणिताचे_सर
फेल्प्सने ते स्नायू मोकळे व्हावेत म्हणून कोरडं केलेलं. आणि पदकं पोहून मिळवली हो. जांभळा डाग म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या ओढीने फुटून साकळलेलं रक्त, विष बाहेर आल्याची खूण नाही. कपात जी काळी जेलीसारखी गाठ दिसते ना, ती दाखवून लोकांना घाबरवतात, पण रक्त बाहेर आलं की गोठतंच, तुमचं काढा नाहीतर माझं. रक्त शुद्ध करायला किडनी आणि लिव्हर आहेत.

वैद्य_माधवी
सर, सरसकट मोडीत काढू नका. सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षण म्हणजे रक्त काढणं आहे, वाताला शृंग म्हणजे शिंग, पित्ताला जळू, कफाला अलाबू म्हणजे भोपळा. आपल्याकडे तुंबडी लावायचेच की. मी स्वतः जळू लावते, व्हेरिकोज व्हेन्सच्या (पायाच्या फुगलेल्या शिरांच्या) जखमांना छान उपयोग होतो. पण कोणाला करू नये हेही तिथेच लिहिलंय, अशक्त, पांडुरोगी म्हणजे रक्त कमी असलेले, गर्भिणी. रोगी न बघता रविवारची तारीख देणारे वैद्य नव्हेत.

गणिताचे_सर
माधवीताई, ग्रंथात आहे म्हणून सायटिकावर, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेवर, चालतं हे कसं सिद्ध होतं? कंबरदुखीवर जे अभ्यास झालेत त्यातले बरेचसे छोटे, आणि आपल्याला कप लावलाय हे पेशंटला कळतंच, मग बरं वाटलं ते कपाने की विश्वासाने हे ठरवायचं कसं?

वैद्य_माधवी
बरं वाटतं ना? दुखणाऱ्याला तेच हवं असतं.

पमाकाका
आमच्या आजोळी तुंबडीवाल्या बायका यायच्या, गाईच्या शिंगाचं टोक तोंडात धरून ओढायच्या आणि भोकाला मेण लावायच्या. आजीचं डोकं त्यानेच थांबायचं. बाकी रेवती, बाबांची गादी कुठली आहे? फोमची असेल तर आजच्या आज काढ, काथ्याची घे. माझी पाठ गादी बदलल्यावर बरी झाली. कुठे मिळते ते विचारलंस तर सांगतो.

अनघा_फिजिओ
काका गादीचं नंतर. रेवती, गोळ्यांचं उत्तर राहिलं. नावं लिही.

रेवती_नाशिक
बीपीची एक, शुगरच्या दोन, कोलेस्टेरॉलची, आणि अँजिओप्लास्टीनंतरच्या त्या रक्त पातळ करणाऱ्या दोन. सेंटरवाल्यांनी त्या दोन चार दिवस बंद ठेवायला सांगितल्यात म्हणजे रक्त जास्त जाणार नाही, आज सकाळपासून दिल्या नाहीत. आता सिटिंगचं सांगा ना कोणीतरी.

अनघा_फिजिओ
रेवती बाकी सगळं बाजूला ठेव. स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतली ती जाळी, कधी टाकलाय?

रेवती_नाशिक
गणपतीनंतर. सात महिने होतील.

अनघा_फिजिओ
आत्ताच्या आत्ता त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन लाव. त्या गोळ्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असतात, अचानक थांबवल्या तर स्टेंट बंद पडून अटॅक येऊ शकतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत धोका जास्त. त्या बंद करायच्या की नाही हे फक्त हार्टचे डॉक्टर ठरवतात, कपिंगवाले नाही. आणि चालू ठेवून चिरा दिल्या तर रक्त थांबायला वेळ लागेल, त्यात शुगर, जखम चिघळू शकते. म्हणजे दोन्हीकडून नाही.

वैद्य_माधवी
अनघाशी शंभर टक्के सहमत. मी अशा पेशंटला जळूसुद्धा लावत नाही.

गणिताचे_सर
ब्लेड नवीन पाकिटातलं होतं का, कप एकाचे दुसऱ्याला वापरतात का, हेही बघायला हवं होतं. कावीळ बी, सी रक्तातूनही पसरते.

दुबईकर_संजू
माझं बिनधास्त जा ते या केसला नाही. इथेही आधी फॉर्म भरून घेतात, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न होता.

रेवती_नाशिक
फोन लागला. सकाळच्या गोळ्या लगेच द्यायला सांगितल्या आणि न विचारता परत बंद करायच्या नाहीत म्हणाले. दिल्या. रविवारचं कॅन्सल केलंय, अॅडव्हान्स परत देत नाहीयेत. पण मग कंबरेचं काय? ते रात्रभर कण्हतात, आम्ही पण जागेच असतो.

अनघा_फिजिओ
त्यांना टाचांवर चार पावलं चालायला लाव, मग चवड्यांवर. जमत नसेल, पाऊल घासत असेल तर हाडांच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांना लगेच दाखव, एमआरआय तेच ठरवतील. दोन मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर रात्री असो की पहाटे, थेट हॉस्पिटल. हे काही नसेल तर पूर्ण पडून राहू देऊ नकोस, घरात थोडं थोडं चालू दे, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. दुकानातून पेनकिलर मात्र आणू नकोस, या गोळ्यांबरोबर काही पेनकिलरने पोटात रक्तस्राव होतो.

रेवती_नाशिक
टाचेवर उजवा पाय उचलला जात नाहीये नीट. उद्या सकाळी पहिला नंबर घेते.

पमाकाका
हो, आधी ते दाखव. गादी मी नंतर सांगतो.