‘गेनिझा’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : कैरोच्या बेन एझरा सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) गेनिझाला काही जण ‘ग्रंथभांडार’ म्हणतात. बरोबर आहे का? आणि तिथे सापडले त्या पोथ्या का?

– भांडार नको. भांडारातली पुस्तके वाचायला काढतात, गेनिझात वापरातून बाद झालेली जातात. देवाचे नाव असेल तो मजकूर फाडायचा-जाळायचा नाही, बाजूला ठेवून पुढे दफनभूमीत पुरायचा. भाव आपल्या ‘निर्माल्या’चा. पण फुस्तातच्या (जुन्या कैरोच्या) या गेनिझात हिब्रू लिपीतली अरबी पत्रे, हिशेब, काडीमोडाचे कागदसुद्धा पडले. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहाम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रे त्यातलीच. पुरायचे राहून गेले आणि हवा कोरडी, म्हणून टिकले. केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेले ते सुमारे १,९३,००० तुकडे.

– भांडारवाला अगदीच चुकला नाही हं. हिब्रू धातू ग-न-झ, म्हणजे दडवणे, जपून ठेवणे. मुळाशी इराणी ‘गंज’, खजिना. संस्कृतातला ‘गञ्ज’ही तोच. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात ‘गिन्झे हमेलेख’ म्हणजे राजाचा खजिनाच. बाद ग्रंथांची जागा हा अर्थ नंतरचा.

– सरसकट पोथी म्हणू नये. पोथीची पाने सुटी असतात. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, कातड्यांवर लिहितात; ती कातडी एकमेकांना शिवून गुंडाळलेली, म्हणून ‘गुंडाळी’. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेतली यशाया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी १७ कातड्यांची, ७.३४ मीटर लांब, ५४ रकान्यांची. तिथे ‘पान क्रमांक’ लिहिले की घोटाळा, रकानाच लिहावा. शिवणीमुळे आणखी एक सोय : तोरात चुकलेले अक्षर खरवडून सुधारता येते, पण देवाचे नाव खरवडता येत नाही. तिथे चूक झाली तर ते अख्खे कातडे उसवून नवे जोडतात आणि जुने गेनिझात.

– अशा जुन्या लेखांच्या दुरुस्तीला ‘जीर्णोद्धार’ म्हणणेही टाळा, ‘जतन’ म्हणा. जीर्णोद्धारात वस्तू नव्यासारखी करणे आले. १९५०च्या दशकात मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांचे तुकडे चक्क चिकटपट्टीने जोडले. गोंद कातड्यात मुरला, कातडे काळवंडले, अक्षरे वाचेनाशी झाली; कडांना तर कातड्याचे जिलेटिन होऊ लागले. जतन करणाऱ्यांची पुढची कित्येक वर्षे ती पट्टी आणि डाग काढण्यात गेली. आता मागून पातळ जपानी कागद मिथाइलसेल्युलोजच्या खळीने लावतात. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, आणि मुद्दा तोच आहे : केलेले काम उलटवता आले पाहिजे.

प्रश्नकर्ता : मग गेनिझासाठी ‘कोनाडा’?

– फार लहान. फुस्तातला गेनिझा म्हणजे दार-खिडकी नसलेली खोली; भिंतीत उंचावर एक भोक, शिडी लावून वर चढायचे आणि कागद आत टाकायचे. ‘गेनिझा’ तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘बाद लेखांची कोठडी’ एवढे जोडा.

– कोठडी म्हटले की तुरुंग आठवतो. ‘खोली’ पुरे.