मदत हवी आहे: 'द इनर लाइट'च्या आधी ताईला काय दाखवू?

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या सायन्स फिक्शन मालिकेच्या पाचव्या सीझनमधला 'द इनर लाइट' (1992) हा माझा सगळ्यात लाडका एपिसोड. कितीही वेळा पाहिला तरी गळा दाटून येतोच. अंतराळजहाजावर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात कॅप्टन पिकार्ड दुसऱ्याच ग्रहावर कामिन म्हणून अख्खं आयुष्य जगून येतो. बायको, मुलं, नातू आणि वर्षानुवर्षं न येणारा पाऊस! पिकार्ड झालेल्या पॅट्रिक स्टुअर्टने म्हातारपण नुसतं मेकअपवर सोडलेलं नाही, चालण्याबोलण्यात आणलंय. (कामिनचा मुलगा बाताई झालाय तो स्टुअर्टचा खराखुरा मुलगा, डॅनियल.) सायन्स फिक्शनसाठीचा 1993 चा ह्यूगो पुरस्कार उगाच नाही मिळाला.

आता अडचण. ताईने सायन्स फिक्शन कधीच पाहिलेलं नाही. थेट हाच लावला तर कथा कळेल, पण पिकार्ड घरसंसारापासून किती लांब राहिलाय हे माहीत नसेल तर शेवट अर्धाच पोचेल. चौथ्या सीझनचा 'फॅमिली' आधी दाखवावा असं मनात आहे. पण त्यात तो भावासमोर का कोसळतो, हे कळायला त्याआधीचे बोर्गचे (पिकार्डला पकडून आपल्यात सामील करून घेणाऱ्या अर्ध-यंत्र शत्रूंचे) दोन भाग हवेत, आणि ते पाहून ही मालिका म्हणजे नुसत्या लढाया असं तिचं मत व्हायचं.

तुमच्यापैकी कुणी नवख्या माणसाला हा एपिसोड दाखवलाय का? थेट दाखवलात की आधी काही? आणि यात कामिन वाजवतो ती बासरी जिथे परत येते तो सहाव्या सीझनचा 'लेसन्स' लगेच लावावा, की मध्ये थोडे दिवस जाऊ द्यावेत?